एका वर्षातील चार मतदाने

२०२४ या एकाच वर्षात मतदानाच्या चार पद्धती मी जवळून पाहिल्या. मे महिन्यात लोकसभेला मी केंद्राध्यक्ष होतो आणि ज्या केंद्रावर काम केले तेथेच यंत्रावर माझे मत दिले. जूनमध्ये विधान परिषदेच्या नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघासाठी कागदी मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहिला. नोव्हेंबरमध्ये विधानसभेसाठी टपाली मतपत्रिका पाकिटात बंद करून दिली, आणि त्याच नोव्हेंबरात माझ्या ८८ वर्षांच्या आईने घरच्या पलंगावर बसून मतदान केले. मी नाशिक जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. निवडणुकीच्या कामाची सवय जुनी आहे. पण कोणती पद्धत सुरक्षित आणि कोणती सोयीची, हा प्रश्न त्या वर्षी घरी, शाळेत आणि गावात इतक्या वेळा विचारला गेला की, जे प्रत्यक्ष पाहिले ते क्रमाने मांडून पाहावे असे वाटले.

लोकसभेला आमच्याकडे पाचव्या टप्प्यात, २० मे रोजी मतदान होते. माझी नेमणूक इगतपुरी विधानसभा क्षेत्रातील एका वाडीवरच्या शाळेत झाली होती. ते क्षेत्र आणि माझे गाव एकाच लोकसभा मतदारसंघात येत असल्यामुळे मला निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आम्ही सगळे ईडीसी म्हणतो ते, मिळाले. ज्याच्याकडे ईडीसी आहे, त्याच्या नावापुढे त्याच्या मूळ केंद्राच्या यादीत तशी खूण होते आणि त्याला तेथे मत देता येत नाही. कामाच्या केंद्रावर मात्र यादीच्या शेवटी त्याचे नाव वाढवून त्याला इतरांसारखेच यंत्रावर मत देता येते. कर्मचाऱ्यासाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही, कारण यात त्याचे मत इतर शेकडो मतांत मिसळून जाते.

साहित्य वाटपाच्या ठिकाणी यंत्रांचे क्रमांक यादीशी जुळवून घेतले. कोणते यंत्र कोणत्या मतदारसंघात जाणार आणि त्यातले कोणते कोणत्या केंद्रावर जाणार, हे दोन वेळा संगणकीय सरमिसळ करून ठरते, आणि आम्हा कर्मचाऱ्यांचीही अशीच सरमिसळ होते. त्यामुळे कोणते यंत्र आपल्या वाट्याला येणार हे मला आधी कळण्याचा मार्ग नव्हता. यंत्राविषयी बोलताना बहुतेक लोक आतल्या चिपविषयी बोलतात. मला मात्र वीस वर्षांच्या कामात वाटत आले आहे की, यंत्राची खरी राखण ही सरमिसळ, क्रमांकांच्या याद्या आणि कागदी मोहोरा करतात, आणि या तिन्ही गोष्टी अक्षरओळख असलेल्या कोणाही माणसाला तपासता येतात.

पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे खऱ्या मतदानाआधीची चाचणी, सुरू केले. उमेदवार सोळाहून अधिक असल्यामुळे दोन बॅलट युनिटे, म्हणजे उमेदवारांच्या बटणांचे फलक, जोडावी लागली होती. उमेदवारांचे पाच मतदान प्रतिनिधी हजर होते. नियमाप्रमाणे किमान पन्नास मते टाकायची असतात आणि प्रत्येक उमेदवाराला, तसेच 'नोटा'लाही, निदान एक मत पडले पाहिजे. मी प्रतिनिधींनाच एकेक करून बटण दाबायला लावले आणि दुसऱ्या मतदान अधिकाऱ्याने कागदावर रेघा मारून हिशेब ठेवला. त्यानंतर यंत्रावरील क्लोज, रिझल्ट, क्लिअर या बटणांचा क्रम पूर्ण केला, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या जोडयंत्राच्या, पेटीतल्या चिठ्ठ्या काढून सगळ्यांसमोर मोजल्या आणि यंत्राच्या आकड्यांशी जुळवल्या. मग त्या चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात बंद केल्या आणि रिकामी पेटी प्रत्येकाला वाकून बघायला सांगितले. हिरव्या कागदी मोहोरेवर सह्या घेताना एका वयस्कर प्रतिनिधीने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि मोहोरेचा क्रमांक स्वतःच्या वहीत उतरवून घेतला. बाकीच्या चौघांनी नुसत्या सह्या केल्या. त्या गृहस्थांनी घेतलेला तो अर्धा मिनिट माझ्या लेखी अनेक भाषणांपेक्षा मोलाचा होता.

मतदान कक्ष खिडकीजवळ मांडलेला होता, तो मी भिंतीकडे हलवला. व्हीव्हीपॅटवर थेट प्रखर उजेड पडू देऊ नये असे आम्हाला प्रशिक्षणात बजावलेले असते. भंडारा-गोंदियाच्या पोटनिवडणुकीत २८ मे २०१८ रोजी यंत्रे मोठ्या प्रमाणावर बंद पडल्याने ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले होते, आणि उष्णता व उजेड यांची चर्चा तेव्हापासून आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात होते.

दिवसभर मी एक गोष्ट मुद्दाम पाहत होतो. मतदाराने बटण दाबल्यावर चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते; त्यावर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असते. ही चिठ्ठी हा मतदाराच्या हातातला एकमेव पुरावा आहे, आणि तिच्यासाठी या देशात न्यायालयापर्यंत लढावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कागदी पुरावा आवश्यक ठरवला आणि २०१९ च्या लोकसभेत पहिल्यांदा सर्व केंद्रांवर व्हीव्हीपॅट आले. पण कक्षातून किती तरी माणसे लगेच बाहेर पडत होती; आत ते काय पाहतात हे मला दिसत नव्हते आणि दिसूही नये, परंतु इतक्या घाईत चिठ्ठी वाचून होत नाही हे उघड होते. एका बाईंनी बाहेर येऊन विचारले, "सर, कागद कुठं आला?" त्या बटणाशेजारच्या दिव्याकडे पाहत राहिल्या होत्या आणि तेवढ्यात चिठ्ठी कापून पेटीत पडली होती. चुकीच्या उमेदवाराची चिठ्ठी आली अशी तक्रार असेल, तर मतदाराकडून लेखी घोषणापत्र घेऊन चाचणी मत घेण्याची तरतूद आहे. पण तक्रार खोटी ठरल्यास गुन्हा दाखल होतो हे आधी सांगावे लागते. ती समज देणे माझे काम आहे, आणि ते मी करतो. तरीही खऱ्या शंकेने आलेला साधा माणूस हे ऐकून दोन पावले मागे सरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. शंका घेण्याची किंमत इतकी मोठी असू नये.

सायंकाळी मतदान संपले तेव्हा पाचपैकी दोनच प्रतिनिधी उरले होते. सतरा-अ या मतदारांच्या नोंदवहीतील सह्यांची संख्या आणि मते साठवणाऱ्या कंट्रोल युनिटवरचा एकूण आकडा जुळला, मी नमुना १७-सी, म्हणजे केंद्रावरील मतांचा हिशेब, भरला आणि त्याच्या प्रती त्या दोघांना दिल्या. तिघांच्या प्रती घ्यायला कोणी नव्हते. त्याच दिवसांत नमुना १७-सी मधील आकडे जाहीर करावेत की नाही यावर सर्वोच्च न्यायालयात वाद चालू होता, वर्तमानपत्रांचे रकाने त्याने भरलेले होते, आणि इकडे ज्यांच्या हातात ती प्रत हक्काने पडायची ते पाच वाजताच जेवायला घरी गेले होते. मला त्या रात्री याचे फार वाईट वाटले.

याच सुमारास शाळेत एक हिशेब मी फळ्यावर मांडला. २०१९ मधील न्यायालयाच्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजल्या जातात. सगळ्या चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी आणि पुन्हा कागदी मतपत्रिकांकडे वळण्याची मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. आता समजा, एखाद्या क्षेत्रातील दहा टक्के यंत्रांत आकडा आणि चिठ्ठ्या यांत फरक आहे. सोडतीने निवडलेली पाचही केंद्रे निर्दोष निघण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ५९ टक्के येते. याचा अर्थ असा की, एकाच विधानसभा मतदारसंघाचा विचार केला, तर पाचांचा नमुना अपुरा आहे. पण लोकसभेच्या मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे धरली, तर तीस यंत्रे तपासली जातात, आणि तेवढाच दोष सर्वत्र असेल तर तो उघड होण्याची शक्यता सुमारे ९६ टक्क्यांवर जाते. राज्यभरातील २८८ क्षेत्रांची १,४४० यंत्रे धरली, तर व्यापक फेरफार लपून राहणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून "सगळीकडे घोटाळा झाला" असे म्हणणाऱ्याला मी हा हिशेब दाखवतो, आणि "पाच पुरे आहेत" असे म्हणणाऱ्यालाही तोच दाखवतो. विधानसभेसाठी पाचांऐवजी तीस केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या, तर निकाल काही तास उशिरा लागेल. तेवढा उशीर सोसावा असे मला मनापासून वाटते.

जूनच्या २६ तारखेला मी मतदार होतो, अधिकारी नव्हतो. शिक्षक मतदारसंघात माध्यमिक आणि त्यावरच्या स्तरावरचे शिक्षक मतदान करतात. तेथे यंत्र नसते. हातात मतपत्रिका मिळते आणि तिच्याबरोबर जांभळ्या शाईचे स्केचपेन मिळते. उमेदवाराच्या नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रम आकड्यांत लिहायचे असतात. आकडा शब्दांत लिहिला, बरोबरची खूण केली, स्वतःचे पेन वापरले किंवा कोपऱ्यात सही केली, तर मत बाद होते. माझ्यापुढे रांगेत असलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बाहेर आल्यावर सहज सांगितले की, त्यांनी 'एक' असे अक्षरी लिहिले. तीस वर्षे मुलांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाचे मत असे वाया गेले होते, आणि ते कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला तो मला अजून आठवतो. यंत्रावर मत बाद होत नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी पूर्वीपेक्षा मोठी वाटली.

तरीही त्या मतपत्रिकेत एक समाधान होते, हे मी नाकारणार नाही. मी लिहिलेला आकडा माझ्या डोळ्यांसमोर घडीत गेला आणि घडी पेटीत गेली. मध्ये काहीही नव्हते. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये तेथील मतदान यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला, तेव्हा कारण हेच दिले होते की, मतदानाचे आणि मोजणीचे मुख्य टप्पे सामान्य नागरिकाला तांत्रिक ज्ञानाशिवाय पडताळता आले पाहिजेत. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी विधानसभेच्या निकालावर शंका घेऊन गावातल्या गावात कागदी मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घेऊन पाहण्याचे ठरवले आणि प्रशासनाने ते होऊ दिले नाही. त्या गावच्या आकड्यांविषयी मी काही म्हणू शकत नाही. पण आपले मत पडले की नाही हे आपल्याच डोळ्यांनी पाहावे, ही त्यांची इच्छा मला परकी वाटली नाही, कारण जूनमध्ये तेच समाधान मी घेतले होते.

मात्र कागदाचा दुसरा काळही माझ्या घरात सांगितला गेला आहे. माझे वडीलही शिक्षक होते आणि लोखंडी पेट्या घेऊन बैलगाडीने केंद्रावर जात. फुलीचा शिक्का मारलेल्या मतपत्रिकांचे गठ्ठे दहशतीने एका दमात पेटीत कोंबता येत असत, आणि देशाच्या कित्येक भागांत तसे घडलेही. कंट्रोल युनिट एका मिनिटात चारपेक्षा जास्त मते घेत नाही. केंद्र बळकावणाऱ्याला शंभर मते टाकायला पंचवीस मिनिटे लागतात आणि दरम्यान केंद्राध्यक्षाला फक्त क्लोजचे बटण दाबायचे असते. हा बारकावा कागदाची बाजू घेणारे माझे मित्र विसरतात.

नोव्हेंबरमध्ये विधानसभेचे मतदान संपूर्ण राज्यात एकाच दिवशी, २० तारखेला होते. या वेळी माझी नेमणूक शेजारच्या विधानसभा मतदारसंघात झाली. उमेदवारच वेगळे असल्यामुळे ईडीसी चालत नाही. नमुना १२ भरून टपाली मतपत्रिका मागावी लागते आणि ती कर्मचाऱ्यांच्या मतदानासाठी उघडलेल्या सुविधा केंद्रात जाऊन तेथेच भरून द्यावी लागते. पूर्वी ती घरी नेता येत असे आणि मतमोजणीच्या सकाळपर्यंत टपालाने पाठवता येत असे. त्या काळात कोणाकडे किती कोऱ्या मतपत्रिका गोळा होतात याच्या गोष्टी कर्मचाऱ्यांतच सांगितल्या जात. म्हणून हा बदल योग्यच आहे. पण पहिल्या प्रशिक्षणाच्या दिवशी मी केंद्रात गेलो तेव्हा माझी मतपत्रिका तेथे आलेलीच नव्हती, आणि "पुढच्या प्रशिक्षणाला या" असे सांगण्यात आले. मी पुन्हा गेलो आणि दीड तास रांगेत उभा राहिलो. माझ्या ओळखीचे तीन सहकारी पुन्हा गेले नाहीत. ज्यांच्या हातून इतर हजारोंचे मतदान पार पडते त्यांचे स्वतःचे मत असे राहून जाणे, ही या पद्धतीतील मोठी उणीव आहे.

टपाली मतदानाची बांधणी मला आवडते. नमुना १३-अ हे घोषणापत्र, त्यावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक आणि राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही. १३-ब हे आतले पाकीट, ज्यात फक्त मतपत्रिका. आणि १३-क हे बाहेरचे पाकीट, ज्यात ही दोन्ही. मोजणीच्या वेळी आधी घोषणापत्र तपासतात आणि मगच आतले पाकीट उघडतात. घोषणापत्र चुकून आतल्या पाकिटात गेले किंवा त्यावर सही राहिली, तर मत बाद. ही साखळी नीट आहे. अडचण होती ती आजूबाजूच्या माणसांची. पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभे असलेले सगळे एकाच खात्यातले, एकमेकांना नावाने ओळखणारे होते. एकाने दुसऱ्याला "दाखवा की सर, कोणाला दिलं?" असे विचारले आणि दुसऱ्याने खरोखरच मतपत्रिका अर्धी वळवून दाखवली. तेथील अधिकाऱ्यांनी त्यांना लगेच थांबवले. गावच्या केंद्रावर हे घडले नसते, कारण यंत्रावरचे मत कोणाला वळवून दाखवताच येत नाही.

आईचे मतदान त्याआधी चार दिवस झाले. ८५ वर्षांपुढील मतदार आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेले मतदार यांना घरून मतदानाचा पर्याय आहे. अधिसूचनेनंतर पाच दिवसांत नमुना १२-ड भरून द्यावा लागतो. आमच्या बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, बाई तो घेऊन घरी आल्या तेव्हा त्यांनी आईला स्वच्छ सांगितले, "आजी, एकदा हे भरलं की मग शाळेत जाऊन मत देता येणार नाही." आईने मला विचारले, मी तिच्या गुडघ्यांकडे पाहिले आणि भर म्हणालो. तो निर्णय घाईने झाला असे मला नंतर वाटले.

ठरल्या दिवशी दोन मतदान अधिकारी, एक पोलीस आणि एक चित्रीकरण करणारा असे चौघे आले. उमेदवारांना या फेरीची सूचना दिलेली असते आणि त्यांचे प्रतिनिधी सोबत येऊ शकतात. आमच्या घरी एकाचाही आला नाही. आमचे घर दोन खोल्यांचे आहे. अधिकाऱ्यांनी आईच्या पलंगासमोर पुठ्ठ्याचा कक्ष ठेवला, चित्रीकरण करणाऱ्याला कॅमेरा भिंतीकडे वळवायला सांगितले आणि आम्हा सगळ्यांना अंगणात जायला सांगितले. मी म्हणालो की तिला बारीक अक्षर वाचायला त्रास होतो, नियमात सोबती घेण्याची तरतूद आहे. अधिकारी आईकडे वळून म्हणाले, "आजी, मुलगा हवाय का मदतीला?" आई म्हणाली, "नको. मला वाचता येतं." मी वीस वर्षे लोकांना मताची गुप्तता समजावून सांगत आलो, आणि माझ्या आईला ती माझ्यापासूनही हवी असेल, हे माझ्या मनात त्या क्षणापर्यंत आले नव्हते. मी अंगणात अकरा मिनिटे उभा होतो.

ती बाहेर बोलावेपर्यंत दुसऱ्या अधिकाऱ्यांशी बोलणे झाले. त्यांनी सांगितले की, आदल्या दिवशी एका घरात मुलाने वडिलांच्या हातातून पेन घेऊन "मीच करतो खूण" म्हटले होते. वडिलांना चांगले दिसत होते, हात चालत होता. या अधिकाऱ्यांनी मुलाकडून पेन परत घेतले आणि त्याला बाहेर काढले. चार अनोळखी माणसांच्या देखत हे घडते, तर टपालाने घरोघर मतपत्रिका पाठवल्या असत्या तेव्हा काय झाले असते, याचा विचार मी बराच वेळ करत राहिलो. शाळेतल्या केंद्रावर सून, सासू, मालक, मजूर या सगळ्यांना कक्षात एकट्यानेच जावे लागते. ती सक्ती आहे, आणि ज्याच्यावर घरात कोणाचा तरी दाब आहे त्याच्यासाठी ती सक्तीच मोकळीक असते. सोय घराच्या जितकी जवळ येते तितके बाहेरचे साक्षीदार कमी होतात आणि घरचे वाढतात. हे मी कोणत्याही प्रशिक्षणात शिकलो नव्हतो, आमच्या अंगणात शिकलो.

पथक गेल्यावर आईने विचारले, "हे पाकीट आता कुठं ठेवतील?" मी सांगितले की निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे, कुलूपबंद खोलीत, आणि मोजणीच्या दिवशी सकाळी आठला टपाली मतेच आधी मोजायला घेतात. ती थोडा वेळ गप्प राहिली. तिने पहिले मत १९५७ साली दिले होते. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. कागदावर कसलीही खूण न करता तो आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायचा असे. पुढे १९६२ पासून एकच मतपत्रिका आणि शिक्का आला, २००४ च्या लोकसभेला सगळीकडे यंत्र आले, २०१९ ला काचेआडची चिठ्ठी आली. हे सगळे तिने पाहिले. ती म्हणाली, "पेटी समोर असायची. आज पेटी दिसली नाही." चालता न येणाऱ्या माणसाला मतच देता न येण्यापेक्षा घरचे मतदान कितीतरी पटींनी चांगले, यात मला शंका नाही. पण आईला धरून, खुर्चीवरून शाळेत नेणे शक्य होते, केंद्रावर चाकाची खुर्ची होती, आणि मी तिचा विचार न करता माझी सोय पाहिली, असे मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटले.

दिवाळीत घरी आलेली पुतणी पुण्यात संगणक क्षेत्रात काम करते. तिचे वडील, माझा धाकटा भाऊ, शारजात नोकरीला आहेत. नमुना ६-अ भरून परदेशस्थ भारतीय म्हणून त्याचे नाव यादीत लावता येते, पण मत द्यायला त्याला स्वतः पारपत्र घेऊन गावातल्या केंद्रावर यावे लागते; विमानाचे भाडे देऊन एका दिवसासाठी कोण येणार? पुतणीचा आग्रह होता की मोबाइलवरून पैसे पाठवता येतात, तर मत का नाही. मी तिला सांगितले की, पैसे पाठवताना देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव दोन्हीकडे राहते, चूक झाली तर खातेउतारा काढून ती दुरुस्त करता येते; मताचा मात्र नावाशी असलेला धागा तोडावाच लागतो, आणि तो तुटल्यावर चूक शोधायला मागे जाता येत नाही. एस्टोनिया देशात २००५ पासून इंटरनेटवरून मतदान होते आणि २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते तशी पडली. तेथे दडपणावर उपाय असा केला आहे की, मुदतीत कितीही वेळा मत बदलता येते आणि शेवटचे धरले जाते. केंद्रावर जाऊन कागदावर मत दिले, तर आधीचे इंटरनेटवरचे मत रद्द होते. हा उपाय हुशारीचा आहे. पण तो देश लहान आहे, प्रत्येकाकडे स्वतःचे डिजिटल ओळखपत्र आहे. आपल्याकडे एकाच घरात एक मोबाइल चौघे वापरतात. भावासाठी मी सैनिकांना मिळते तशी पद्धत सुचवेन: मतपत्रिका संगणकावरून पोहोचते, छापून भरली जाते आणि टपालाने परत येते. तीतही मला एक काळजी आहे. ज्या कामगारांची पारपत्रेसुद्धा मालकाच्या कपाटात असतात, एका खोलीत दहा जण राहतात, त्यांची मतपत्रिका कोणाच्या नजरेसमोर भरली जाईल? वकिलातीत केंद्र उघडले तर हा प्रश्न बराचसा सुटेल. पुतणीला हे पटले, भावाला पटले नाही. त्याची गैरसोय खरी आहे आणि माझ्याजवळ त्याच्यासाठी आज काहीही नाही.

२० नोव्हेंबरला केंद्रावर मी एक गोष्ट ठरवून केली. अभिरूप मतदानाच्या आधीच चारही प्रतिनिधींना सांगितले की, संध्याकाळी नमुना १७-सी ची सही केलेली प्रत घेतल्याशिवाय कोणी जायचे नाही. जेवायला जायचे असेल तर बदली प्रतिनिधी बसवा. दुपारी एका गृहस्थांनी नोंदवहीत सही करून, शाई लावून झाल्यावर मत द्यायचे नाही असे सांगितले. तेव्हा नोंदवहीत तसा शेरा लिहून त्यांची सही घेतली आणि सगळ्या प्रतिनिधींना तो शेरा दाखवून ठेवला, कारण संध्याकाळच्या हिशेबात तो एकाचा फरक निघणारच होता. सायंकाळी चौघेही हजर होते. नोंदवहीत ६४४ नोंदी होत्या, नकार एक, यंत्रावर ६४३. चौघांत एक विशीतला मुलगा होता, पहिल्यांदाच प्रतिनिधी झालेला. त्याने प्रत घेतली, मोहोरांचे क्रमांक माझ्याकडून पुन्हा वाचून घेतले आणि विचारले, "सर, मोजणीला हा कागद चालतो का?" मी म्हणालो की चालतो, मोजणी प्रतिनिधी म्हणून गेलास तर आपल्या केंद्राचे यंत्र टेबलावर येईल तेव्हा आधी मोहोर बघ, मग एकूण आकडा बघ, आणि मगच उमेदवारांची मते लिहून घे.

२३ तारखेला दुपारी त्याचा फोन आला. तेव्हा मी आईजवळ बसून दूरदर्शनवर निकाल पाहत होतो आणि कोण पुढे, कोण मागे याचीच चर्चा चालली होती. त्याचा उमेदवार मागे होता. ते त्याने शेवटी सांगितले. आधी म्हणाला, "सर, आपलं यंत्र आलं होतं. मोहोर तीच होती. ६४३."